सुट्या भागांचा खण : रेडिओशॅकची गोष्ट

मे २०११. रेडिओशॅक या अमेरिकी दुकानसाखळीने जाहीरपणे विचारले : आम्ही कोणते सुटे भाग ठेवावेत? नव्वद वर्षे जुन्या दुकानाला हे विचारावे लागले, यातच हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा अर्धा इतिहास आला.

१९२१ साली बोस्टनमध्ये हे दुकान निघाले ते हौशी रेडिओवाल्यांसाठी. नाव घेतले जहाजावरच्या बिनतारी यंत्राच्या खोलीचे. १९६३ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स टँडी यांनी ते घेतले (त्यांचा मूळ धंदा चामड्याच्या सामानाचा) आणि गावोगावी शाखा काढल्या. संध्याकाळी प्रयोगात एक रेझिस्टर जळाला, तर दुकान मिटण्याआधी दुसरा मिळत असे.

पुढे तयार वस्तू इतक्या स्वस्त झाल्या की घरी जोडण्यात पैसा वाचेना. १९४७ मध्ये युद्धातल्या उरलेल्या मालातून ऑसिलोस्कोपचा संच विकणाऱ्या हीथकिटने १९९२ मध्ये संच बनवणे थांबवले. सुटे भागही बदलले. लांब तारांचे पाय गेले. तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडे थेट पट्टीच्या पृष्ठावर चिकटू लागले. ते हाताने डाखणार कोण? रेडिओशॅकने भिंती मोबाईलला दिल्या आणि सुटे भाग मागच्या खणांत ढकलले.

छंद परतला तो दुसऱ्याच दाराने. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो ही स्वस्त पट्टी बनवली व तिचे आराखडे सर्वांना खुले केले. नाव गावातल्या एका बारचे, आणि बारचे नाव अकराव्या शतकातील राजाचे! त्याच वर्षी लिमोर फ्राइड यांनी एमआयटीच्या वसतिगृहातून अ‍ॅडाफ्रूट सुरू केली. अशा नव्या विक्रेत्यांनी ते बारीक तुकडे छोट्या पट्ट्यांवर आधीच डाखून, पुन्हा पाय लावून दिले. पुनरुज्जीवनाचे खरे श्रेय या साध्या युक्तीला द्यायला हवे.

हा व्यवहार मात्र टपालाने चालला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही एखादा कपॅसिटर हातोहात मिळतो. अमेरिकेतल्या बहुतेक गावांत त्यासाठी पार्सलची वाट पाहावी लागते.

२०११ च्या अखेरीस रेडिओशॅकने आर्डुइनो दुकानात आणला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा तिची सुमारे चार हजार दुकाने होती. वाचलेल्यांपैकी बहुतेकांत जागेचा मोठा हिस्सा पुन्हा एका मोबाईल कंपनीलाच दिला गेला, आणि २०१७ मध्ये दुसरी दिवाळखोरी आली.