मृत्युपत्रे, जमिनीच्या सनदा आणि दोन घराणी

इतिहासाच्या साधनांमध्ये मृत्युपत्राचे स्थान काहीसे वेगळे आहे. ते करणाऱ्याला इतिहास लिहावयाचा नसतो. आपल्या पश्चात नदीकाठचे शेत कोणाला, दुभती गाय कोणाला, पलंग आणि भांडीकुंडी कोणाला, एवढेच त्याला सांगावयाचे असते. परंतु हे सांगताना तो नकळत आपली नाती सांगून जातो. थोरला मुलगा, विधवा बहीण, जावई, नातू यांची नावे वाटणीच्या निमित्ताने कागदावर येतात आणि शे-दोनशे वर्षांनी त्याच नावांवरून त्या घराण्याची वंशावळ उभी करता येते. जमिनीच्या सनदा आणि खरेदीखते यांचेही तसेच आहे. त्यांचा हेतू मालकीचा असतो; वंशाची नोंद ही त्या हेतूची सावली असते.

अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींचा, विशेषतः व्हर्जिनियाचा इतिहास अभ्यासताना या सावलीचे मोल कळते. १६०७ मध्ये जेम्सटाउन येथे वसलेल्या या वसाहतीत वस्ती विरळ होती. तंबाखूची शेते नद्यांच्या काठाने दूरदूर पसरलेली असत. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची चर्चमधील नोंद ठेवण्याचा नियम होता. पण ती नोंदबुके फार थोडी टिकली. टिकले ते काउंटीच्या न्यायकचेऱ्यांचे दप्तर. त्यातही जमिनीच्या कागदांचे प्रमाण मोठे, कारण १६१८ पासून तेथे एक विशेष पद्धत सुरू झाली होती. जो कोणी स्वखर्चाने एका माणसाला वसाहतीत आणील त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळे. ही जमीन मागताना आणलेल्या माणसांची नावे द्यावी लागत. अशा रीतीने पुष्कळ गरीब नोकरांची नावे दुसऱ्याच्या सनदेत, दुसऱ्याच्या लाभाचा आधार म्हणून, प्रथम लिहिली गेली.

या दप्तरांतून ज्या घराण्यांचा माग काढला गेला त्यांत सर्वांत प्रसिद्ध घराणे जॉर्ज वॉशिंग्टनचे. सर आयझॅक हर्ड हा इंग्लंडमधील कुलचिन्हे आणि वंशावळी यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीचा प्रमुख अधिकारी होता. त्याने अमेरिकेच्या या पहिल्या राष्ट्राध्यक्षाकडे त्याच्या पूर्वजांविषयी विचारणा केली, तेव्हा १७९२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनने उत्तर पाठविले. या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे त्याने मोकळेपणाने कळविले. आपला पणजा जॉन हा १६५७ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागातून आला, अशी घरात चालत आलेली समजूतही त्याने लिहिली. सन जवळजवळ बरोबर होता. प्रदेश मात्र चुकीचा होता. तीन पिढ्यांत घराण्याची स्मृती इतकी पुसट झाली होती.

हर्डने नॉर्थॅम्प्टनशायरमधील सल्ग्रेव्ह गावचे वॉशिंग्टन घराणे शोधून काढले. त्या घराण्यात जॉन आणि लॉरेन्स असे दोन भाऊ होते. व्हर्जिनियात आलेले दोन भाऊही जॉन आणि लॉरेन्सच. नावे जुळली, काळ साधारण जुळला आणि वंशावळ तयार झाली. जवळजवळ पाऊण शतक ती प्रमाण मानली गेली. १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन संशोधकाने तिचा पाया काढून घेतला. सल्ग्रेव्हचा तो जॉन इंग्लंडमध्येच सरदारकीचा 'सर' हा किताब मिळवून राहिला होता, आणि त्याचा भाऊ लॉरेन्स हा पाद्री होता. हे दोघे व्हर्जिनियाला गेलेच नव्हते. या घटनेनंतरची पोकळी भरण्याचा मोह अनेकांना झाला. १८७९ मध्ये तर अल्बर्ट वेल्स याने हे घराणे थेट ओडिन या नॉर्स देवतेपर्यंत नेऊन पोहोचविणारा ग्रंथच प्रसिद्ध केला.

खरा दुवा सापडला तो मृत्युपत्रांत. सेलमचे संशोधक हेन्री वॉटर्स यांनी लंडनमधील जुनी मृत्युपत्रे वर्षानुवर्षे चाळली आणि १८८९ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. हर्टफर्डशायरमधील ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग नावाच्या गृहस्थाने १६५० च्या जानेवारीत मृत्युपत्र केले होते. (त्या काळच्या कागदावर हे वर्ष १६४९ असे दिसते, कारण इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्षाचा आरंभ २५ मार्चला होई.) नोलिंगने आपली जमीन लॉरेन्स वॉशिंग्टन या आपल्या धर्मपुत्राला दिली होती. लॉरेन्सची आई अ‍ॅम्फिलिस आणि जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था ही तिची अन्य मुले यांचीही नावे त्यात होती. अ‍ॅम्फिलिसचा उल्लेख तेथे ज्या शब्दाने केला आहे त्याचा आजचा अर्थ 'सून' असा होतो. त्या काळी तो सावत्र मुलीसाठीही वापरीत. हा एक शब्द आजच्या अर्थाने वाचला असता, तर सारे नातेच उलटेपालटे झाले असते.

आता व्हर्जिनियातील कागद पाहावेत. जॉन वॉशिंग्टनने १६७५ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात मार्था या बहिणीला दहा पौंड आणि चार हजार पौंड वजनाची तंबाखू दिली आहे, आणि तिच्या प्रवासखर्चाचे देणेही माफ केले आहे. हीच मार्था पुढे व्हर्जिनियात येऊन संसारी झाली. तिने १६९७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात इंग्लंडमधील एलिझाबेथ आणि मार्गारेट या बहिणींची आठवण ठेवली. समुद्राच्या दोन बाजूंना, जवळजवळ अर्धशतकाच्या अंतराने झालेल्या या कागदांत भावंडांचा एकच संच दिसतो. एकटे जॉन हे नाव काहीच सिद्ध करीत नव्हते. पाच भावंडांची नावे एकत्र आली तेव्हा ते प्रमाण झाले. अ‍ॅम्फिलिसचा पती हा सल्ग्रेव्हचा तोच पाद्री लॉरेन्स होता. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, त्याला धर्मपदावरून दूर करण्यात आले होते. हर्डचे घराणे चुकले नव्हते. पिढी चुकली होती. ज्याला तो स्थलांतरित समजला, तो स्थलांतरिताचा पिता होता.

अशा रीतीने एक वंश १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची जमीन विकत घेणाऱ्या लोकरीच्या व्यापाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला. सल्ग्रेव्हचा वाडा १९१४ मध्ये वर्गणीतून विकत घेतला गेला आणि १९२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

त्याच व्हर्जिनियात, त्याच काळात, दुसरे एक घराणे नांदत होते. त्याचा मूळ पुरुष १६२१ मध्ये 'जेम्स' या जहाजातून आला. १६२५ च्या गणतीत त्याची नोंद 'अँटोनिओ, एक निग्रो' एवढीच आहे. १६२२ मध्ये मूळ रहिवाशांनी केलेल्या हल्ल्यात त्याच्या मळ्यावरील बहुतेक माणसे मारली गेली, तो वाचला. त्याच मळ्यावर दुसऱ्या जहाजातून आलेल्या मेरी या आफ्रिकन स्त्रीशी त्याने संसार मांडला. पुढे दोघे दास्यातून मुक्त झाले आणि अँटोनिओचा अँथनी जॉन्सन झाला. हे स्थित्यंतर नेमके कसे घडले ते सांगणारा कागद नाही. मात्र त्यानंतरचे कागद बोलके आहेत. १६५१ मध्ये पाच माणसांच्या नावावर त्याला पूर्व किनाऱ्यावर २५० एकर जमिनीची सनद मिळाली. १६५३ मध्ये आगीने त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा काउंटीच्या न्यायालयाने या जोडप्याचे तीस वर्षांचे कष्ट ध्यानी घेऊन मेरीला आणि तिच्या दोन मुलींना आजन्म करमाफी दिली. इंग्रज स्त्रियांना हा कर नव्हता. तेवढ्यापुरते न्यायालयाने या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यांच्या पंक्तीला बसविले.

या घराण्याचे चित्र केवळ करुण रंगाने रंगविता येत नाही. अँथनीकडे जॉन कासोर नावाचा आफ्रिकन नोकर होता. आपली कराराची मुदत केव्हाच संपली, असे कासोरचे म्हणणे. तो आजन्म आपला आहे, असे अँथनीचे. बायकोमुलांच्या आणि जावयाच्या सांगण्यावरून अँथनीने त्याला आधी जाऊ दिले, पण मन बदलून नंतर फिर्याद केली. १६५५ च्या मार्चमध्ये निकाल अँथनीच्या बाजूने लागला. कासोरला आजन्म चाकरीत परतावे लागले. मालमत्तेचा कायदा अँथनीला चांगला कळला होता आणि त्याने तो वापरला.

तोच कायदा पुढे त्याच्या कुटुंबावर उलटला. १६६० नंतरच्या दशकात हे कुटुंब शेजारच्या मेरीलँडमध्ये गेले आणि ३०० एकर जमीन पट्ट्याने घेऊन राहिले. अँथनीने व्हर्जिनियातील पन्नास एकर रिचर्ड या मुलाकडे ठेवले होते. १६७० मध्ये अँथनी वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील पंचांनी ठरविले की, मृत मनुष्य निग्रो होता, म्हणजेच परका होता. म्हणून ती जमीन सरकारजमा व्हावी. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या सत्तेने सनद दिली होती, तिनेच सनद धारण करणाऱ्याला परका ठरविले. मेरीने १६७२ मध्ये आपल्या तिघा नातवांना गुरे लिहून दिली. १६७७ मध्ये जॉन नावाच्या नातवाने मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन घेतली आणि तिचे नाव ठेवले 'अंगोला'. घराण्याचे मूळ कोठले, याविषयी त्यांच्या बाजूने आलेली एवढीच साक्ष. तीही जमिनीच्या कागदात. अठराव्या शतकात या वंशाचा माग क्षीण होतो. जॉन्सन हे आडनाव हजारोंचे आहे, आणि दुवा जोडण्यासाठी लागणारी मृत्युपत्रे ज्यांच्याजवळ जमीन उरली नाही त्यांनी करावीत तरी कशाची?

या दोन घराण्यांतील अंतर शोधकांच्या चिकाटीचे नाही. जॉन्सन घराण्याविषयी इतके तरी कळते, याचे श्रेय पूर्व किनाऱ्यावरील न्यायदप्तराला आहे. १६३२ पासून अखंड टिकलेले हे दप्तर अमेरिकेतील काउंटी-दप्तरांमध्ये सर्वांत जुने अखंड दप्तर मानले जाते. अंतर कायद्यानेच निर्माण केले. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरविले की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. ज्या इंग्रज समाजात सारा वारसा पित्याकडून चालत असे, तेथे हा नियम आणण्याचा परिणाम असा की गुलाम स्त्रीच्या मुलाचा पिता कागदावर असण्याची गरजच उरली नाही. १७०५ मध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले. वारसाहक्काच्या दृष्टीने गुलाम ही स्थावर मालमत्ता ठरविण्यात आली. ज्या मृत्युपत्रांतून एका घराण्याची वंशावळ उलगडते, त्याच मृत्युपत्रांत दुसऱ्या माणसांची नावे शेत आणि गुरे यांच्या रांगेत येऊन बसली. १७४३ मध्ये वडिलांच्या मृत्युपत्रान्वये अकरा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला एक शेत मिळाले, आणि त्याबरोबर दहा गुलाम.

याच जॉर्जने १७९९ च्या जुलैमध्ये स्वहस्ते मृत्युपत्र लिहिले. व्हर्जिनियाच्या १७८२ च्या कायद्याने मालकाला गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली होती. तिचा आधार घेऊन, पत्नीच्या निधनानंतर आपले गुलाम मुक्त व्हावेत असे त्याने लिहिले. विल्यम ली या आपल्या जुन्या सेवकाला त्याने तत्काळ मुक्त केले. प्रत्यक्षात पत्नी मार्थाने १ जानेवारी १८०१ पासूनच त्या सर्वांना मोकळे केले. परंतु माउंट व्हर्नन येथील ३१७ गुलामांपैकी त्याच्या मालकीचे होते १२३. मार्थाच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतील तिच्या हयातीपुरत्या हिश्श्याचे १५३ जण तिच्या नातवंडांकडे जावयाचे होते. उरलेले भाड्याने आणलेले. अनेक संसारांत पती एका यादीतला, पत्नी दुसऱ्या यादीतली होती. मृत्युपत्राने काहींना मुक्ती दिली आणि त्याच वेळी काही कुटुंबांची ताटातूट कायम केली.

तथापि त्या वर्षी तयार झालेल्या यादीत नावे आहेत, कोण कोणाचा पती आणि कोणती मुले कोणाची याच्या नोंदी आहेत. आज माउंट व्हर्ननच्या गुलामांचे वंशज आपले पूर्वज शोधतात तेव्हा त्यांना याच यादीकडे यावे लागते. बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकनांची वाट याहून बिकट आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामगणतीत मालकाचे नाव आहे. गुलामाचे केवळ वय, लिंग आणि वर्ण. जुन्या गुलामांची नावानिशी सरसकट नोंद प्रथम झाली ती १८७० च्या शिरगणतीत. त्यामागे जावयाचे तर आधी मालकाचे घराणे ओळखावे लागते, मग त्याची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, वाटणीपत्रे आणि गहाणखते चाळावी लागतात. आपल्या पणजीचे नाव दुसऱ्याच्या पणजोबाच्या मृत्युपत्रात, कोणत्या मुलीच्या वाटणीला ती गेली, या ओळीत सापडते.

वंशावळीचा शोध हा कुळाच्या अभिमानासाठी घेतला जाणारा छंद आहे, असे पुष्कळदा मानले जाते. वॉशिंग्टन घराण्याची कथा एवढीच असती तर तो समज बरोबर ठरला असता. परंतु तीच मृत्युपत्रे, त्याच सनदा आणि तीच दप्तरे जॉन्सन घराण्याच्या बाजूने वाचली म्हणजे वेगळी गोष्ट दिसते. पूर्वज सर्वांनाच असतात. ते ठाऊक असण्याचा अधिकार मात्र मालमत्तेच्या कायद्याने काहींना दिला आणि काहींकडून काढून घेतला. जुने कागद वाचणाऱ्याने देणाऱ्याचे नाव पाहावे, घेणाऱ्याचे पाहावे, आणि त्या दोघांमध्ये जे दिले गेले त्यात एखाद्या माणसाचे नाव आहे काय, तेही पाहावे.