ड्रायर : कपडे वाळण्यास विलंब (कोलकाता)

ओल्या कपड्यांवरून गरम हवा खेळवून त्यांतील पाणी वाफेच्या रूपाने काढून टाकणारे विद्युत् यंत्र. दोन टबांच्या धुलाई यंत्रातील ज्या टबाला घरोघरी ड्रायर म्हणतात, तो कपडे नुसते गरगर फिरवून पिळतो. त्याचा विचार येथे केलेला नाही.

इतिहास : शेगडीवर कपडे वाळवण्याच्या चौकटीचे अमेरिकन पेटंट जॉर्ज टी. सॅम्पसन यांना १८९२ मध्ये मिळाले. विजेची स्वयंचलित यंत्रे त्यानंतर काही दशकांनी आली.

हवा : हुगळीकाठचे कोलकाता समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येथील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. ३० अंश से. तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्यांतील २६ ग्रॅम आधीच भरलेले असतात आणि दोरीवरच्या कपड्यांच्या वाट्याला चार-साडेचार ग्रॅम उरतात. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची क्षमता १३० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे तत्त्वतः शंभरेक ग्रॅम जागा मोकळी होते. त्यामुळे दमटपणा दोरीला जितका नडतो, तितका धडधाकट ड्रायरला नडत नाही. ‘पावसाळाच आहे’ म्हणून तक्रार सोडून देणे बरोबर नाही. हवा पुरेशी तापत नाही, पुरेशी वाहत नाही किंवा बाहेर पडलेली वाफ पुन्हा आत येते, यांपैकी काहीतरी घडत असते.

या शहराचा हवामानशास्त्राशी संबंध जुना आहे. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकात्यात मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला, त्याचे मुख्यालय येथेच होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. वेधशाळेत कोरड्या व ओल्या तापमापकांच्या नोंदींतील फरकावरून आर्द्रता काढतात. घरी साधा आर्द्रतामापक पुरतो : ड्रायर सुरू करण्यापूर्वी आणि अर्ध्या तासाने खोलीतील आर्द्रता पाहावी. ती झपाट्याने चढत असेल, तर यंत्र स्वतःचीच वाफ पुन्हा ओढत आहे. खिडक्या लावून घेतलेल्या फ्लॅटमध्ये किंवा काचबंद बाल्कनीत असे सहज होते, आणि कारागीर बोलावण्याआधी ही एवढी तपासणी प्रत्येकाने करावीच.

अपेक्षित वेळ : सात किलो सुती कपडे चांगले पिळूनही त्यांत चारेक लिटर पाणी राहते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास साधारण ०.७ युनिट वीज लागते. म्हणजे दोन किलोवॉटच्या यंत्राला दीड-दोन तास लागणे हा दोष नव्हे. धुलाई यंत्राचा पिळण्याचा वेग वाढवला, तर हा वेळ स्वस्तात कमी होतो. हीट पंपाची यंत्रे कमी तापमानावर चालतात, म्हणून मुळातच संथ असतात.

दोषशोध : पहिला संशय लव अडकवणाऱ्या जाळीवर घ्यावा. वरून स्वच्छ दिसणारी जाळीही कपडे मऊ करणाऱ्या द्रवाच्या थराने बुजलेली असू शकते. नळाखाली धरल्यावर तिच्यावर पाणी साचले, तर ती ब्रशने घासून धुवावी. वाफ बाहेर सोडणारी नळी आखूड, सरळ व गुळगुळीत हवी. चुण्यांच्या प्लॅस्टिक नळीत लव साचते, प्रत्येक वळण प्रवाह मंदावते आणि बाहेरची झडप कधी पक्ष्यांच्या घरट्याने अडते. कंडेन्सर प्रकारात खोलीच्याच हवेने वाफ थंड होऊन पाणी बनते. ३५ अंशांच्या बंद खोलीत ते काम रेंगाळते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी व कंडेन्सरच्या पट्ट्या धुवाव्यात. ड्रम फिरतो पण हवा गारच राहते, तेव्हा हीटर किंवा तापसुरक्षा फ्यूज गेलेला असण्याचा संभव असतो. विजेचा दाब २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाला, तर हीटरची उष्णता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. ड्रम ठासून भरू नये.



कापडावरील परिणाम : ड्रायरमुळे कापड किती झिजते याविषयी मतभेद आहेत.

सुरक्षितता : साचलेली लव सहज पेट घेते. म्हणून जाळी दर फेरीनंतर साफ करावी, तपासणीपूर्वी प्लग काढावा आणि घरात कोणी नसताना ड्रायर चालू ठेवू नये. हीटर व फ्यूज बदलण्याचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.