एक लांब, दोन आखूड

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५च्या अंकावर अल्टेअर ८८०० झळकला आणि घरी संगणक जोडण्याच्या छंदाने अमेरिकेत जोर धरला. अल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीचा हा संच ४०० डॉलरच्या आत मिळे. पार्सलातून सुटे भाग येत. डाग देण्याचे सगळे काम गिऱ्हाइकाचे. एवढे करून यंत्र चालू झाले की नाही हे कळायचे कसे? त्याला ना कीबोर्ड, ना पडदा. पुढच्या फळीवर फक्त खटके आणि लाल दिव्यांच्या रांगा. सुरुवातीच्या सूचना मालकाने खटके वरखाली करून हातानेच भरायच्या आणि दिव्यांकडे बघून तर्क करायचा. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमधल्या गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात होमब्र्यू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. एकमेकांच्या अडलेल्या कामाला हातभार लावावा, हा तिचा एक हेतू होता.

आपले दुखणे यंत्राने स्वतःच सांगावे, ही सोय घरोघर पोचली ती आयबीएमच्या पीसीमुळे.

हा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या रॉममधला बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा कायमचा प्रोग्रॅम, वीज मिळताच स्वतःची तपासणी सुरू करी. आधी प्रोसेसर, मग रॉमची बेरीज, टायमर, मेमरीचे पहिले १६ किलोबाइट, आणि मग कुठे डिस्प्ले. पडद्याचा नंबर इतक्या उशिरा लागत असल्याने त्याआधी काही अडले तर ते लिहून दाखवायला जागाच नसे. उरे तो कॅबिनेटमधला छोटासा स्पीकर. एक आखूड बीप म्हणजे सगळे ठीक. एक लांब, एक आखूड म्हणजे मदरबोर्ड. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. पडदा उजळल्यावर मात्र आकडे दिसत: २०१ मेमरीचा, ३०१ कीबोर्डचा, ६०१ फ्लॉपीचा. एखादी कळ दबून राहिली असेल तर ३०१च्या आधी त्या कळीचा क्रमांकही उमटे. इतक्या नेमकेपणाने चूक दाखवणारे यंत्र त्याआधी सामान्य माणसाच्या टेबलावर क्वचितच आले असेल.

आयबीएमने बायोसची अख्खी संहिता आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. वाचायला ती सर्वांना खुली होती. पण नक्कल केली तर कोर्टात खेचले जाण्याचा धोका. म्हणून कॉम्पॅक कंपनीने आणि पुढे फीनिक्सने ती न उचलता तेच काम करणारा बायोस नव्याने लिहिला. फीनिक्सचा बायोस १९८४पासून कोणत्याही उत्पादकाला विकत मिळू लागला. अवॉर्ड आणि एएमआय या कंपन्याही मैदानात होत्या. सुटे भाग आणून पीसी जोडणे त्यामुळे शक्य झाले, पण बीपच्या बोली वेगळ्या झाल्या. एएमआयच्या तीन बीप म्हणजे मेमरी, आठ म्हणजे डिस्प्ले. फीनिक्स थांबत थांबत गटागटाने बोले. अवॉर्डने डिस्प्लेसाठी ‘एक लांब, दोन आखूड’ तशीच ठेवली. बोर्डासोबतची पुस्तिका हरवली की (आणि ती हरवतेच) आधी बायोस कोणाचा ते शोधा, मग बीप मोजा. कीबोर्ड सापडत नसताना ‘एफ-वन दाबा’ असे बजावणारा संदेशही याच काळातला. त्यावरचे विनोद अजून संपलेले नाहीत.

मुंबईत या सगळ्याची शाळा भरली ती लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आता पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी बोलण्यातून जुने नाव गेलेले नाही. ग्रँट रोड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा हा बाजार आधी रेडिओच्या सुट्या भागांचा. पुढे तिथे संगणकाचे भाग आले. ‘ब्रँडेड’ पीसी परवडत नसलेला माणूस इथून ‘असेंबल्ड’ घेऊन जाई. मागे कंपनीचे सर्व्हिस सेंटर नसे, त्यामुळे बिघाड शोधायची पद्धत कारागिरांनीच बसवली. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणत कोणी कॅबिनेट आणले की बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, त्याला फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जोडायचा, आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक पॉवर स्विचच्या दोन पिनांना टेकवून चालू करायचा. बोर्ड बोलला तर एकेक भाग परत जोडत जायचे. जो लावताच बोर्ड गप्प होईल तो चोर. बाहेर चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये बंद पडला, तर खाली एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) टेकून शॉर्ट होतोय, हे ठरलेले.

त्याआधीचा पहिला उपाय मात्र खोडरबर. समुद्राकाठच्या दमट हवेत रॅमच्या पट्ट्यांवर पुट चढते. ते हलक्या हाताने पुसून रॅम पुन्हा खटकन बसवली की मेलेला वाटणारा पीसी उठून बसतो. जोरात घासले तर सोन्याचा मुलामाही जातो, हे सांगणारे कमी. दुसरा शत्रू एसएमपीएसच्या पाठीवरचा लाल खटका. तो ११५ व्होल्टवर राहिला आणि आपली २३० व्होल्टची वीज आत गेली की धडाका ठरलेला.

१९९५च्या एटीएक्स रचनेने एक जुनी जीवघेणी चूक मिटवली. त्याआधी बोर्डाला विजेचे दोन जोड असत आणि दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून याव्या लागत. अदलाबदल झाली तर बोर्ड जायचा. नव्या रचनेत एकच जोड, तोही उलटा न बसणारा. पण २०००मध्ये पेंटियम ४सोबत प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा जोड आला आणि तो लावायचा विसरणे सुरू झाले. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच.

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या संगणक-विषाणूने तर कित्येक बोर्डांमधला बायोसच पुसून टाकला. बीप वाजवणाराच गेल्यावर बीप कुठली? त्यावर कारागिरांनी छातीठोक इलाज काढला: तशाच दुसऱ्या बोर्डावर पीसी चालू करायचा, चालू असतानाच त्याची बायोस चिप उपटायची, तिथे मेलेली बसवायची आणि तिच्यात बायोस नव्याने भरायचा. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड हातचे जायचे.

आता पुष्कळ कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे घोडे अडले. २०२२मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर मात्र या दिव्यांनी नवाच घोटाळा केला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड तिच्याशी जुळवून घेत कधी कधी काही मिनिटे बसतो. पडदा काळा, डीरॅमचा दिवा पिवळा. नवखा माणूस घाबरून वीज काढतो, रॅम उपसून पुसतो, परत लावतो, आणि ती जुळवणी पहिल्यापासून सुरू होते.