अटन (महानुभाव पंथ)
घर, गाव, आप्त सोडून अनोळखी मुलखात पायी हिंडत राहण्याचा संन्यासधर्म. आदर्श तेराव्या शतकातल्या चक्रधर स्वामींचा. त्यांचे एकाकी भ्रमण ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ भागात आले आहे. सालबर्डीच्या डोंगरातला बारा वर्षांचा वासही त्यातलाच. मेहकर, लोणार येथेही ते राहिले. साधकाने जिथे कुणी ओळखत नाही तिथे जावे, निर्जनात स्मरण करावे, झोळीत घरोघरचे अन्न एकत्र मागून नदीकाठी खावे, झाडाखाली निजावे. भिक्षेपुरते समाजाशी नाते उरतेच. सुटतो तो हक्काच्या माणसाचा आधार, आणि व्रताची खरी कसोटी तीच. हा आचार केशिराज बासांनी संकलित केलेल्या ‘सूत्रपाठा’त आहे.