लोहाच्या अणूतून कोणता इलेक्ट्रॉन आधी बाहेर पडतो?

अणूतील इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या कक्षकापासून चढत्या क्रमाने भरले जातात. पोटॅशिअम (अणुक्रमांक १९) व कॅल्शिअम (२०) यांचे शेवटचे इलेक्ट्रॉन ३डी कक्षकांत न जाता ४एस कक्षकात जातात. पुढे स्कॅन्डिअमपासून (२१) जस्तापर्यंत (३०) ३डीमधील पाच कक्षक भरत जातात. क्रोमिअम व तांबे हे अपवाद होत. त्यांच्या ४एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन असून ३डीमध्ये अनुक्रमे पाच व दहा असतात.

लोहाच्या (२६) अणूत ३डीमध्ये सहा व ४एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. ‘शेवटी भरलेला आधी निघतो’ असे मानले, तर लोहाचे आयन होताना ३डी रिकामे व्हायला हवे. प्रत्यक्षात ४एसमधील दोन्ही इलेक्ट्रॉन आधी जातात. त्यामुळे फेरस आयनात ३डीचे सहा आणि फेरिक आयनात पाच इलेक्ट्रॉन उरतात. हे पाच इलेक्ट्रॉन पाच कक्षकांत एकेकटे राहू शकतात. फेरिक तुरटीच्या चुंबकीय मापनातून पाच एकटे इलेक्ट्रॉनच आढळतात. ३डीमधून तीन इलेक्ट्रॉन गेले असते, तर ते तीनच आढळले असते.

याचे कारण असे, की कक्षकांची ऊर्जा कायम ठरलेली नसते. अणुकेंद्रकाचा धनभार वाढतो तशी ३डीची ऊर्जा झपाट्याने घटते आणि स्कॅन्डिअमपासून ती ४एसच्या खाली जाते. तरीही उदासीन अणूत सर्व इलेक्ट्रॉन ३डीमध्ये जात नाहीत. ३डी कक्षक आटोपशीर असल्याने तेथील इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण तीव्र असते. म्हणून दोन इलेक्ट्रॉन पसरट ४एसमध्ये राहिल्यास अणूची एकूण ऊर्जा कमी होते. अणूने इलेक्ट्रॉन गमावताच उरलेल्यांवरील आकर्षण वाढते, त्याचा लाभ ३डीला अधिक मिळतो आणि ४एस रिकामा होतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्कॅन्डिअमच्या आयनात उरलेला एकमेव बाह्य इलेक्ट्रॉन ३डीमध्येच असतो.

मोरचुदातील तांब्याच्या आयनात ३डीचे नऊ इलेक्ट्रॉन असतात. या अपूर्णतेमुळेच त्याला निळा रंग येतो. जस्ताच्या आयनात मात्र ३डीचे दहाही इलेक्ट्रॉन टिकून राहतात, म्हणून झिंक सल्फेटचे द्रावण रंगहीन असते. याच कारणाने काटेकोर व्याख्येनुसार जस्ताची गणना संक्रमण मूलद्रव्यांत होत नाही.