चष्म्यापासून किरणापर्यंत

ज्या गोष्टीचा इतिहास आज मी सांगणार आहें, तिचा आरंभ दूर स्वित्झर्लंडांत झाला; अनुभव मात्र मला लातुरांत आला. वीस वर्षें मीं डोळ्यांत भिंगें बाळगलीं आणि शेवटीं लेसर-किरणांची शस्त्रक्रिया करवून तीं कायमचीं सोडलीं. त्यानें काय मिळालें व काय राहिलें, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

डोळ्यावर बसणारें कांचेचें भिंग १८८८ च्या सुमारास झ्यूरिख येथील नेत्रवैद्य आडोल्फ फिक यांनीं वापरून दाखविलें. तें जड होतें व कांहीं तासांपलीकडे सोसवत नसे. १९४८ सालीं आमचा नांदेड-लातूरचा मुलूख निजामी अमलांतून मुक्त झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंत केव्हिन टूही यांनीं केवळ बुबुळापुरतें प्लॅस्टिकचें भिंग काढलें. मऊ भिंग त्यानंतरचें. १९६१ च्या नाताळांत ओटो विख्टर्ले या चेक रसायनज्ञानें मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून यंत्र केलें व घरींच मऊ भिंगें तयार केलीं.

परंतु भिंगास साध्या पाण्याचें वावडें, आणि हातांस मात्र पाणी हवें. नळाच्या पाण्यांतील सूक्ष्म जंतु भिंगाखालीं शिरले तर बुबुळास व्रण पडतो. म्हणून हात साबणानें धुवून, कोरडे करून मगच भिंगास लावावयाचे. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली, तो उन्हाळा आपणांस आठवत असेल. घागरींवर घर चालत असतां माझे ते हात धुणें मलाच चैन वाटूं लागलें. एके दिवशीं हात नुसते पुसून भिंग घातलें. डोळा आठ दिवस लाल राहिला, आणि त्याच आठवड्यांत शस्त्रक्रियेचा निश्चय झाला.

या किरणांच्या इतिहासांत आपल्या देशाच्या एका सुपुत्राचें नांव आहे. मद्रासेंत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेंतील आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत होते. १९८१ च्या नोव्हेंबरांत सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनीं अतिनील लेसर चालविला. शेजारचा भाग न जळतां नेमका हवा तेवढाच थर निघाला. पुढें १९८३ मध्यें स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्यांच्या साह्यानें हाच किरण बुबुळाकडे वळला. बुबुळावरील पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा अत्यल्प अंश काढून त्याची वक्रता बदलावयाची, एवढेंच या शस्त्रक्रियेचें मर्म.

वर्षानुवर्षें भिंगें घालणाऱ्याचा हा पडदा दबून किंचित् आकार बदलतो. म्हणून मोजमापापूर्वीं कांहीं आठवडे मला पुन्हा जाड चष्मा लावावा लागला. शस्त्रक्रिया कांहीं मिनिटांत आटोपली. दुसऱ्या दिवशीं गंजगोलाईंतील दुकानांच्या पाट्या उघड्या डोळ्यांनीं वाचल्या, तेव्हां तेथेंच क्षणभर थांबलों.

पण शस्त्रक्रियेंत पडद्यांतील सूक्ष्म मज्जातंतु तुटतात व अश्रू कमी होतात. भिंगांनीं आधींच कोरड्या झालेल्या डोळ्यांस तें अधिक जाणवतें. सहा महिने औषधाचे थेंब खिशांत होते. रात्रीं नांदेडच्या रस्त्यावर समोरील मोटारींच्या दिव्यांभोंवतीं वलयें दिसत. तीं हळूहळू मावळलीं. निजतांना बोटें मात्र कित्येक दिवस भिंगें काढण्यास आपोआप डोळ्यांकडे जात.

एक भ्रम येथें दूर केला पाहिजे. नंबर गेला म्हणजे डोळ्याचा मूळ दोष गेला, असें नव्हे. दूरचें न दिसणारा डोळा आंतून लांबट असतो, व तो तसाच राहतो. आंतील पडदा फाटण्याचें भय कायम असतें. तेव्हां तपासणी टाळूं नये. जुने कागद जपावे, कारण पुढें मोतीबिंदू झाल्यास नव्या भिंगाचा हिशेब त्यांवरून सोपा होतो. चाळिशी तर कोणास चुकत नाहीं. वाचनाचा चष्मा मला आतां लागलाच आहे. शिकवणीसाठीं लातूर-नांदेडास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांच्या आईबापांनीं, नंबर स्थिर होण्यापूर्वीं घाई करूं नये.

आमच्याच जिल्ह्यांतील माकेगांवचे डॉ. तात्याराव लहाने यांनीं मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्या रोग्यांस दृष्टि मिळाली, मला सोय मिळाली. हा भेद मला माझ्या आईनें शिकविला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझें तोंड नीट न्याहाळून ती म्हणाली, "मला दिसत नव्हतं म्हणून मी केलं, तुला तर दिसत होतं की रे!" मीं तिला त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. तिनें ऐकून घेतलें व म्हणाली, "मग ज्याला दिसत नाही, त्याला तू दवाखान्यात नेत जा." तेव्हांपासून गल्लींतील एखाद्या म्हाताऱ्यास नेत्रतपासणीस नेणें, हेंहि माझ्या शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्यांत आलें आहे.