बोरीबंदर–ठाणें लोहमार्गाचें भांडवल

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या २१ मैलांच्या मार्गाचा पैसा कोणत्या अटींवर उभा राहिला, याचा विचार क्वचितच होतो. तो आम्ही येथें करितों.

ता. १७ ऑगस्ट १८४९ च्या करारान्वयें ईस्ट इंडिया कंपनीनें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या ५ लक्ष पौंड भांडवलावर दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी घेतली, जमीन विनामूल्य दिली व खर्चावर देखरेखीचा अधिकार आपणांकडे ठेविला. कागदावर बंदोबस्त चोख दिसतो. तथापि नफा न झाला तरी भागधारकांचें व्याज बुडणार नव्हतें. तूट सरकारी खजिन्यानें, म्हणजे अखेर रयतेनें, भरावयाची. मग काटकसर कोणीं व कां करावी? हमीच्या मार्गांचा खर्च भारी पडल्यामुळेंच १८६९ सालीं सरकारनें स्वतः लोहमार्ग बांधण्याचें धोरण स्वीकारलें.

आमच्या मतें दोष साहाय्यांत नव्हता. लोहमार्गानें देशाचें दळणवळण वाढलें, हें निर्विवाद आहे. दोष होता तो लाभ एकाकडे व भार दुसऱ्याकडे ठेवण्यांत. ज्याच्या अंगास तोटा लागत नाहीं, त्याच्यावर नेमलेली देखरेख कितीही दक्ष असली तरी अपुरीच पडते.